चांदाची तारीख आणि भरतीची वेळ

वेळणेश्वरचा किनारा चंद्रकोरीसारखा आहे. फजरनंतर धावायला अशी जागा शोधून सापडणार नाही, पण पाणी ओसरलेले हवे. ओली, घट्ट वाळू पायाला बरी. भरती असली की माडांलगतची भुसभुशीत वाळू तेवढी उरते. तिथे पाऊल रुतते आणि पिंढऱ्या भरून येतात. म्हणून इथे धावणाऱ्याला घड्याळाआधी कॅलेंडर वाचावे लागते.

चांदाच्या तारखांचे कॅलेंडर आपल्या घरी असतेच, पण ते पाहिले जाते रमजान-ईदपुरते. कोकणातला जुना हिशोब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. चांद बहुधा द्वितीयेला दिसतो, त्यामुळे आपली तारीख तिथीच्या साधारण एक मागे चालते. तेव्हा तारखेत एक मिळवावा, बेरीज 15 च्या पुढे गेली तर 15 वजा करावेत आणि मग पाऊणपट करावी. 11 तारीख असेल तर 12 धरा. सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास भरती. तास-अर्धा तास मागेपुढे होतो, तेवढे चालायचेच. 7 आणि 22 तारखेला भरती पहाटे सहाला येते. ती भांगाची, फार चढत नाही, तरी त्या दिवशी डांबरी रस्ता बरा. 14-15 च्या आसपास उधाण असते. तेव्हा पहाटे समुद्र दूरवर जातो.

मोबाइल हीच वेळ मिनिटासह सांगतो. शिवाय वारा आणि उंच लाटा कॅलेंडरात नसतात. त्यांचा इशारा हैदराबादचे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र देते. अडचण आहे ती ग्रुपवर फिरणाऱ्या इशाऱ्यांची. कुठला तरी जुना निरोप, तारीख कापलेला, पुन्हा पुढे जातो. चार वेळा असे झाले की पाचव्या, खऱ्या इशाऱ्याकडे कोणी पाहत नाही. पुढे पाठवण्याआधी तारीख आणि पाठवणारे खाते वाचायला किती वेळ लागतो?

आणि पाहुणे. ओहोटीची घट्ट वाळू पाहून ते गाडी थेट खाली उतरवतात, मुले पाण्यात जातात. भरती सहा तास चढते, पण त्यातले निम्मे पाणी मधल्या दोन तासांतच येते, हे त्यांना कोण सांगणार? शेजारच्या हेदवीला बामणघळीत भरतीचे पाणी उंच उसळते. ते टिपायला लोक अगदी कडेला उभे राहतात. अशा वेळी 'आपल्याला काय' म्हणून पुढे धावत जाणे मला पटत नाही. थांबून दोन शब्द बोलावेत. कोणी अडकलेच तर आपण पाण्यात उडी न घेता 112 ला फोन करावा.

किनाऱ्यालगत ज्यांच्या घरी पाहुणे उतरतात, त्यांनी जेवणाच्या फळ्यावर सुरमई-कोलंबीच्या भावाशेजारी त्या दिवसाची भरतीची वेळ लिहावी. हे काम घरातल्या मुलांकडे द्यावे. आधी कॅलेंडरावरून हिशोब करू द्यावा, मग मोबाइलशी ताडून पाहू द्यावे. फळ्यावर मात्र मोबाइलचीच वेळ जावी.