किंचाळणारा डिस्क ब्रेक

माउंटन बाइकचा डिस्क ब्रेक किंचाळतोय आणि पकडही ढिली पडलीय, तर दोन्हींचं मूळ बहुधा एकच: पॅडवर आलेलं तेल. साखळीला मारलेल्या स्प्रेचे चार थेंबही पुरतात. घर्षण घटतं, शिवाय पॅड रोटरला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. सेकंदाला शेकडो वेळा हे झालं की पातळ रोटर घंटेसारखा वाजतो.

रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅड मात्र सच्छिद्र. मुरलेलं तेल सहसा निघत नाही, घासत बसण्यापेक्षा नवे घ्या. मग मोकळ्या रस्त्यावर वेग घेऊन, चाक न अडवता, वीसेक वेळा ब्रेक दाबा. पॅडचा बारीक थर रोटरवर बसतो, पकड येते.

हायड्रॉलिक ब्रेक दाबताना मऊ लागत असेल, तर नळीत हवा शिरली असावी. तिथे पॅड बदलून उपयोग नाही.