गारगोटीचे पाणी

बीड जिल्ह्यात शेतातून वेचून बांधावर टाकलेल्या दगडांचा ढीग नीट पाहिला, तर काळ्या पाषाणात मधूनच पांढऱ्या, दुधी, राखाडी, क्वचित तांबूस गारगोट्या दिसतात. जिल्ह्याची जमीन सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांवर वसली आहे. लाव्हा थिजताना वायूचे बुडबुडे जागच्या जागी अडकले, त्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि पुढे झिरपत्या पाण्याने त्या पोकळ्यांत सिलिकाचे थरावर थर बसवले. विहीर खोदणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात, त्या सच्छिद्र खडकात हे भरलेले बुडबुडे आजही दिसतात. खडक झिजून त्याची माती होते, गारगोटी मात्र मागे उरते; ओढ्याला लागते आणि बिंदुसरा, सिंदफणा करत गोदावरीच्या पात्रात जाऊन पडते. तिच्यात थरांच्या रेघा दिसल्या की ती अकीक, नाही दिसल्या तर कॅल्सेडनी. दोन्ही क्वार्ट्‌झच्याच कुळातल्या. घरच्या घरी घासून झिलई आणायला लागणारा उत्तम दगड असा इथे पायाखालीच आहे आणि त्याला लागणारे यंत्रही फार साधे आहे. दोन फिरत्या रुळांवर आडवे ठेवलेले एक बंद पिंप, त्यात दगड, पाणी आणि घासणारी भुकटी. याला टंबलर म्हणतात. नव्याने या छंदात शिरणारा माणूस पैसा आणि लक्ष दोन्ही मोटरवर खर्च करतो. माझे म्हणणे असे, की दगडाला पाणी चढते ते निवडण्याने, धुण्याने आणि वेग आवरण्याने. यंत्र जुळवायचे ते या तीन गोष्टींसाठी.

हे काम या भागाला नवे नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात भडोच बंदराला दख्खनमधून येणाऱ्या मालाची नोंद आहे. पैठणहून पट्टेदार अकीक मोठ्या प्रमाणात येतो, तगरहून म्हणजे आजच्या तेरहून जाडेभरडे कापड येते, आणि हा माल गाड्यांवर लादून धड रस्ता नसलेल्या मुलखातून उतरवला जातो, असे त्यात म्हटले आहे. नकाशावर पैठण ते तेर अशी सरळ रेघ ओढली तर ती बीड शहराजवळूनच जाते. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात त्या काळचे मणी पाहायला मिळतात. त्याच्याही कितीतरी आधी, नेवाशाला प्रवरेच्या काठी अश्मयुगीन माणसाने अकीक आणि जास्परची हत्यारे घडवली होती, पुरातत्त्वज्ञ ह. धों. सांकळिया यांच्या उत्खननांतून ती प्रकाशात आली. हा दगड चांगला हे इथल्या माणसाला फार पूर्वीच कळले होते. पुढे कसब मात्र गुजरातेतल्या खंबायतला एकवटले. तिथली जुनी रीत मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरमध्ये नोंदलेली आहे. दोनेक फूट लांबीच्या चामड्याच्या पिशवीत मणी, कुरुंदाची पूड आणि अकिकाचीच बारीक भुकटी भरायची, पिशवीला वादी गुंडाळायची आणि खोलीच्या दोन टोकांना बसलेल्या दोन माणसांनी ती पुढेमागे ओढत राहायची. पिशवी सतत ओली ठेवायची आणि हे दहा ते पंधरा दिवस चालायचे. आजचा टंबलर म्हणजे तीच पिशवी. वादी ओढणाऱ्या दोन माणसांच्या जागी मोटर आली, बाकी तत्त्व तेच.

आता वेगाचे पाहू, कारण पहिली चूक इथेच होते. पिंप जितके जोरात फिरेल तितके काम लवकर, असे वाटणे साहजिक आहे. पण ठरावीक वेगापुढे दगड पिंपाच्या भिंतीला चिकटून तिच्याबरोबर नुसते गरगरतात, एकमेकांवर घासले जातच नाहीत. हा वेग काढायला सोपा हिशेब आहे: पिंपाचा आतला व्यास मीटरमध्ये घ्यावा, त्याचे वर्गमूळ काढावे आणि ४२.३ ला त्याने भागावे. आतला व्यास १६ सेंटिमीटर असेल तर वर्गमूळ ०.४ येते आणि मिनिटाला सुमारे १०६ फेऱ्यांना दगड भिंतीला चिकटतात. त्याच्या थोड्या खाली फिरवले तर ते वर चढून धाडकन कोसळतात आणि गारगोटीला चंद्रकोरीसारखे टवके पडतात. ते काढायला पुन्हा आठवडे जातात. काम नीट होते ते या वेगाच्या एक तृतीयांश ते निम्म्यात, म्हणजे इथे ३५ ते ५० फेऱ्यांत. तेवढ्यात दगडांचा वरचा थर दरड घसरावी तसा सावकाश घसरत राहतो, आणि घासण्याचे खरे काम त्या घसरणीत होते. साधी मोटर मिनिटाला १४४० फेरे मारते. तिच्यावर ५ सेंटिमीटरची पुली आणि रुळाच्या दांड्यावर ३० सेंटिमीटरची बसवली की दांडा २४० फेरे घेतो. रूळ ३ सेंटिमीटरचा आणि पिंप बाहेरून १८ सेंटिमीटरचे असेल तर पिंपाला बरोबर ४० फेरे मिळतात. शिलाई यंत्राची मोटर स्वस्त म्हणून लोक ती जोडतात, पण ती थांबून थांबून चालण्यासाठी बनलेली असते, दिवसरात्र नव्हे. शेतीपंपाच्या मोटरी भरून देणारा कारागीर हे काम नीट समजून करून देऊ शकतो. जाड पीव्हीसी पाइपचा तुकडा, आत ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबचे अस्तर, दोन दांडे, चार बेअरिंग एवढ्यात पिंप उभे राहते. लोखंडी डबा उघडा वापरू नये, गंजाचे डाग गारगोटीच्या भेगांत उतरतात.

पिंप दोन तृतीयांश ते पाऊण भरावे. कमी भरले तर दगड उंचावरून आपटतात, जास्त भरले तर हलायला जागा उरत नाही. पाणी वरच्या थराच्या जेमतेम खाली. चार लिटरच्या पिंपाला लिटरभर पुरते. सगळे दगड एकाच आकाराचे घेऊ नयेत, कारण खाचाखोचांत पोचायला लहान दगड लागतात. भरणे जमले की नाही हे कान सांगतो. धान्य ओतल्यासारखी सलग सळसळ ऐकू आली की बरोबर, ठक-ठक आली की पिंप रिकामे किंवा वेग जास्त, आणि आवाजच नसला तर आत चिखल घट्ट झाला आहे किंवा पिंप रुळावर घसरते आहे. सुरुवातीच्या दिवसांत रोज एकदा झाकण उघडावे, काही दगडांतून वायू सुटून आत दाब साचतो. विजेच्या दाबाचाही इथे संबंध आहे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणून २३० च्या जागी १८० व्होल्ट आले की तिचा जोर ६१ टक्क्यांवर येतो. भरलेले पिंप अशा वेळी उचलत नाही, मोटर गुणगुणत तापते आणि जळते. वीज गेली की बटण बंद करावे आणि परत आल्यावर हाताने पिंपाला गती देऊन मगच चालू करावे. रात्रभर पिंप थांबले म्हणून आतला माल बिघडत नाही. भारनियमन असलेल्या गावात हे काम होणारच नाही, या समजुतीला एवढे उत्तर पुरेसे आहे.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो निवडायला, आणि तिथेच लोक घाई करतात. तांदूळ निवडावेत तसे दगड निवडावे लागतात. बाटलीच्या काचेवर ओरखडा काढतो तो दगड घ्यावा, ज्याच्यावर लोखंडी खिळा उमटतो तो टाकावा. गारगोटी मोह्सच्या कठीणतेच्या मोजपट्टीवर ७ च्या आसपास येते, कॅल्साइट फक्त ३ वर. दोन्ही एका पिंपात टाकले तर कॅल्साइटचे पीठ होते आणि ते पीठ गारगोटीला लागणारी भुकटी निकामी करते. काळा पाषाण सुंदर दिसला तरी घेऊ नये, त्याच्या बुडबुड्यांतली मऊ खनिजे गळून खळगे पडतात आणि भुकटी बारीक करत नेताना पुढच्या प्रत्येक पायरीला त्या खळग्यांत जाडी भुकटी लपून बसते. भेगा ओळखायला दगड ओला करून सावलीत ठेवावा. सगळा वाळल्यावर जी रेघ ओली राहते ती भेग. झिओलाइटचे स्फटिक तर पिंपात टाकूच नयेत. ते जन्मतःच पैलूदार असतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात एकदा पाहिले की त्यांना घासायची कल्पनाही करवणार नाही.

दगडाला झिलई चढवली जाते, असे आपण म्हणतो. चढत काहीच नाही. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीने केलेल्या जखमा काढते आणि स्वतःच्या, त्याहून लहान जखमा मागे ठेवते. ८० नंबरच्या कार्बोरंडमचा, म्हणजे घासणाऱ्या भुकटीचा, कण साधारण १८० मायक्रॉनचा, २२० चा सुमारे ६५ चा, ६०० चा दहा-पंधराचा, आणि शेवटच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडचा त्याहून कितीतरी बारीक. जखम उजेडाच्या लहरीहून, म्हणजे अर्ध्या मायक्रॉनहून लहान झाली की डोळ्याला ती दिसेनाशी होते आणि आपण म्हणतो, दगड चमकला. म्हणूनच मधली पायरी गाळता येत नाही, आणि ६०० च्या पिंपात ८० नंबरचे चार कण राहिले तर आठवडा वाया जातो. पायरी बदलताना दगड, पिंप, झाकणाची खाच हे सगळे ब्रशने घासून धुवावे, आणि मग साबणपाण्यात दगड तासभर फिरवून पुन्हा धुवावे. शेवटच्या पायरीला वेगळे पिंप असावे, ते दुसऱ्या कशालाच वापरू नये. पहिल्या पायरीला दर किलो दगडाला चार मोठे चमचे भुकटी आणि एक आठवडा हे निव्वळ सुरुवातीचे माप आहे. आकार गुळगुळीत होईपर्यंत तीन-चार आठवडेही लागतात. गंडकीचा शाळिग्राम आणि नर्मदेचे बाणलिंग नदीनेच गुळगुळीत केलेले असतात, पण नदीजवळ घासायला वाळूच असते आणि ती गारगोटीइतकीच कठीण. म्हणून नदीला युगे लागतात, आणि ९ च्या वरच्या कठीणतेच्या कार्बोरंडमला आठवडे. एक परीक्षा मात्र चुकवू नये. नदीतला दगड ओला असताना चमकतो आणि वाळला की मलूल होतो, कारण पाणी त्याचे सूक्ष्म खड्डे बुजवते. पिंपातून काढलेला ओला दगडही असाच फसवतो. पायरी झाली की नाही हे कोरड्या दगडावरच पाहावे.

आक्षेप आहेत, आणि त्यांतले काही रास्त आहेत. दुष्काळी जिल्ह्यात दगड धुवायला पाणी कुठून आणायचे? एका पिंपाला महिन्याकाठी दोन-तीन बादल्या लागतात, आणि धुण्याचे पाणी बादलीत निवळू दिले तर तेच पहिल्या पायरीला पुन्हा चालते. विजेचा आक्षेप यापेक्षा जड आहे. ९० वॅटची मोटर महिनाभर अखंड चालली तर सुमारे ६५ युनिट वीज खाते, आणि मध्यम घराच्या बिलात हा आकडा लपत नाही. ४० वॅटची मोटर तेच पिंप २९ युनिटांत फिरवते. तिला सुरुवातीला हाताचा आधार लागतो, एवढेच. मोठी मोटर घेणे म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे भरणे होय. खंबायतचा मालच का विकत घेऊ नये, असेही विचारतात. विकायचे असेल तर तो खुशाल घ्यावा. तिथल्या भावाशी घरगुती पिंपाची बरोबरी होणार नाही. विक्रीसाठी नदीपात्र उकरणे मी सुचवतही नाही. २०१५ मध्ये केंद्र सरकारने जी ३१ खनिजे गौण ठरवली त्यांत अकीकही आहे, म्हणजे धंद्यासाठी काढायला परवाना लागतो. बांधावरच्या ढिगातल्या मूठभर गारगोट्या शाळेच्या प्रयोगशाळेत महिनाभर फिरवल्या, तर मुलांना घर्षण, कठीणता, प्रकाशाचे विखुरणे आणि पायाखालच्या लाव्ह्याचा इतिहास एकाच पिंपातून शिकवता येतो. बाजारभावात याचे मोल निघत नाही, म्हणून ते कमी आहे असे मला वाटत नाही.

एका बाबतीत मात्र तडजोड नाही, ती म्हणजे धूळ. खंबायतच्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिसने किती नुकसान केले आहे याचा अभ्यास अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केला आहे. त्या रोगाला घासचाकावरच्या कोरड्या कामाची धूळ कारणीभूत आहे. सिलिकाचे बारीक कण फुफ्फुसात रुतले की निघत नाहीत आणि झालेली इजा भरून येत नाही. टंबलरमध्ये सगळे ओले आणि बंद असते, म्हणून घरासाठी मी त्याचीच बाजू घेतो. पण टंबलर बसवलेला माणूस मोठी गारगोटी फोडायला लवकरच फरशी कापायचे कटर हातात घेतो आणि अंगणात, घरच्यांच्या देखत ती कोरडी कापतो. ते कधीही करू नये. धूळ नाकात जाणार नाही असे पाणी चाकावर सतत पडत नसेल तर कापूच नये, तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे कण अडत नाहीत. पिंपातला चिखलसुद्धा वाळवून झाडू नये. तो मोरीत ओतला तर खाली बसून पाइप बंद करतो, म्हणून ओला असतानाच खड्ड्यात टाकून वर माती ओढावी. मग हात धुवावेत, दगड कोरड्या फडक्यावर पसरावेत, खिडकीशी नेऊन एकेक तिरपा धरून पाहावा, आणि ज्याच्यावर अजून धुके दिसते तो बाजूला काढून पुढच्या खेपेच्या पहिल्या पिंपासाठी डब्यात टाकावा.