चोंदलेलें नाक आणि जड कपाळ

गेल्या पावसाळ्यांत आमच्या वर्गांतील एक मुलगा रोज दुसऱ्या तासास कपाळ धरून बसे. लिहावयास खालीं वांकला कीं लगेच मान वर करी, आणि प्रश्न विचारला असतां उत्तर भलतेंच देई. आम्ही त्यास आळशी समजून दोन वेळां सर्वांदेखत रागें भरलों. तिसऱ्या वेळीं तो हळूच म्हणाला, "सर, खालीं वांकलें कीं कपाळांत कोणी दगड ठेवल्यासारखें वाटतें." चौकशी करतां कळलें कीं, त्याचें नाक पंधरा दिवसांपासून चोंदलेलें होतें. सर्दी ही कांहीं सांगण्यासारखी गोष्ट नव्हे, असें समजून तो घरींही बोलला नव्हता. त्या दिवशीं आम्हांस आमच्या रागाची लाज वाटली.

घरीं व शाळेंत नित्य आढळणाऱ्या या दुखण्याचें कारण काय, व त्यावर घरच्या घरीं कोणते उपाय करतां येतात, हें येथें थोडक्यांत सांगावें असा आमचा हेतु आहे. उपाय आजीबाईचा असो कीं डॉक्टरांचा, तो कां लागू पडतो हें समजलें, म्हणजेच तो बेतानें व निर्धोकपणें करतां येतो.

आपल्या चेहऱ्याच्या हाडांत नाकाच्या आसपास हवेनें भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या आहेत. एक जोडी भुवयांच्या वर कपाळांत, दुसरी गालांच्या हाडांत, तिसरी दोन्ही डोळ्यांच्या मधोमध नाकाच्या मुळाशीं, आणि चवथी त्यांच्याही मागें कवटीच्या मध्यभागीं खोल. यांसच सायनस म्हणतात. "अमक्यास सायनस आहे" असें लोक म्हणतात खरे. परंतु सायनस प्रत्येकासच असतात, दुखणें होतें तें त्यांस सूज आल्यामुळें. गालांतील पोकळीचें सविस्तर वर्णन नाथानिएल हायमोर या इंग्रज वैद्यानें 1651 सालीं आपल्या शरीररचनेच्या ग्रंथांत केलें, म्हणून तिला पुष्कळ दिवस त्याचेंच नांव होतें.

या पोकळ्यांच्या आंतील अस्तरांतून सतत पातळ श्लेष्मा पाझरतो. हवेबरोबर आलेली धूळ व जंतु त्यांत अडकतात, आणि अस्तरावरील अतिसूक्ष्म केस एका लयींत हालून तो श्लेष्मा नाकाकडे लोटतात. गालांतील पोकळीची गंमत अशी कीं, तिचें तोंड तळाशीं नसून वरच्या अंगास आहे. एखाद्या खोलीची मोरी जमिनीलगत न ठेवतां आढ्याजवळ ठेवावी, तसाच हा प्रकार! तेथून पाणी बाहेर जावयाचें तर कोणी तरी तें सारखें वर चढवीत राहिलें पाहिजे, व हें काम ते सूक्ष्म केस रात्रंदिवस करीत असतात. सर्दी झाली म्हणजे अस्तर सुजतें, मोरीचें बारीक तोंड बंद होतें, श्लेष्मा दाट होतो आणि केसांचें काम मंदावतें. मग आंतल्या आंत दाब वाढून कपाळ, गाल, कधीं वरच्या दाढाही ठणकूं लागतात. खालीं वांकलें असतां दुखणें वाढतें तें याचमुळें.

यावरून कोणताही उपाय पारखण्याच्या तीन कसोट्या निघतात. त्यानें वाट मोकळी होते काय? श्लेष्मा पातळ राहतो काय? आणि अस्तर अधिक चिडत तर नाहीं ना?

आपल्याकडे पहिला मान वाफाऱ्याचा. ऊन ओलसर हवेनें सुकलेला श्लेष्मा सैल होतो व घटकाभर बरें वाटतें, हें खरें आहे. परंतु त्याची थोरवी आपण समजतों तितकी नाहीं. हें दुखणें वारंवार होणाऱ्या आठशेंहून अधिक रुग्णांवर इंग्लंडांत केलेला एक प्रयोग 2016 सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत मिठाच्या पाण्यानें नाक धुण्याचा कांहीं फायदा आढळला, वाफाऱ्याचा तसा विशेष आढळला नाहीं. उलट वाफाऱ्यांत एक मोठा धोका आहे. उकळत्या पाण्याचें पातेलें, डोक्यावर पांघरूण आणि खालीं चुळबुळणारें मूल. एक धक्का लागला कीं सर्व पाणी मांडीवर! 2020 सालीं कोविडच्या साथींत वाफारे घेण्याचें प्रमाण वाढलें, तेव्हां इंग्लंडांतील बर्मिंगहॅम येथील मुलांच्या रुग्णालयांत अशा पाण्यानें भाजलेल्या मुलांची संख्या नेहमीपेक्षां पुष्कळच वाढली, असें तेथील डॉक्टरांनीं लिहिलें आहे. सर्दी आठवड्यांत जाते, भाजल्याचा व्रण जन्मभर राहतो. म्हणून लहान मुलांस पातेल्यावर मुळींच बसवूं नये. न्हाणीघराचें दार लावून ऊन पाण्यानें स्नान घालावें, किंवा पंचा ऊन पाण्यांत भिजवून, घट्ट पिळून, हातास सोसेल इतका ऊन असतां कपाळावर व गालांवर ठेवावा. तेवढ्यानें पुरेसा आराम पडतो.

ओव्याची पुरचुंडी हुंगणें हाही जुना व सोपा उपाय आहे. तव्यावर ओवा किंचित् शेकून फडक्यांत बांधला म्हणजे त्याचा उग्र वास नाकांत शिरतो व बरें वाटतें. परंतु येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. पुदिन्याच्या अर्कांतील मेंथॉलनें नाक उघडल्यासारखें वाटतें, तें प्रत्यक्षांत सूज उतरते म्हणून नव्हे, तर नाकांतील थंडी जाणणाऱ्या तंतूंस तो चेतवितो म्हणून. आराम हाही कांहीं थोडा नव्हे. मात्र त्यास रोगनाश समजूं नये. कापूर व निलगिरीचें तेल यांच्याविषयीं तर फार जपलें पाहिजे. थोडेंसें पोटांत गेलें तरी लहान मुलांस झटके येतात. हीं दोन्हीं मुलांच्या हातास लागणार नाहींत अशा जागीं ठेवावींत, व तान्ह्या मुलाच्या नाकाशीं कधींही लावूं नयेत. शेगडीवर धुरी घालून मुलास त्यापुढें बसविण्याची चाल तर सोडूनच द्यावी. धूर तिसऱ्या कसोटीस उतरत नाहीं.

आतां ज्या उपायानें वाट खरोखर धुतली जाते, तो पाहूं. हठयोगाच्या ग्रंथांत नेति ही षट्कर्मांपैकीं एक सांगितली आहे. हठयोगप्रदीपिकेंतील नेति सुताची आहे, आज घरोघर करतात ती पाण्याची. अर्धा लिटर पाणी घेऊन उकळी फुटल्यावर निदान 1 मिनिट खळखळूं द्यावें. त्यांत एक सपाट लहान चमचा, म्हणजे सुमारें 5 ग्रॅम, मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा घालावा, आणि झांकून कोमट होऊं द्यावें. मग मोरीवर ओणवें होऊन, मान एका बाजूस कलती करून, तोंडानें श्वास घेत वरच्या नाकपुडींत नेतीच्या तोटीच्या भांड्यानें पाणी हळूहळू सोडावें. तें दुसऱ्या नाकपुडीवाटे बाहेर येतें. नंतर एकेक नाकपुडी हलकेच शिंकरावी. दोन्ही नाकपुड्या एकदम दाबून जोरानें शिंकरल्यास श्लेष्मा उलट पोकळ्यांत व कानांकडे रेटला जातो. अगदीं लहान मुलांस हा उपाय डॉक्टरांस विचारल्यावांचून करूं नये.

पाणी उकळण्याविषयींचा आमचा आग्रह कोणी सोंवळेंपणा समजूं नये. गोड्या पाण्यांत क्वचित् असा एक सूक्ष्म अमीबा असतो, कीं तो पोटांत गेला तर अपाय होत नाहीं, पण नाकांतून मेंदूस पोंचला तर बहुधा प्राणच घेतो. अमेरिकेंतील लुईझियाना राज्यांत 2011 सालीं दोन माणसें नाक धुण्यास नळाचें पाणी वापरल्यामुळें याच रोगानें दगावलीं. विहिरीचें, टांकीचें वा नळाचें कच्चें पाणी या कामीं कधींही घेऊं नये, व भांडें दर वेळीं धुऊन कोरडें करावें.

यांशिवाय पाणी पुरेसें प्यावें. कोंकणांत कुळथाचें कढण देतात, देशावर आलें-तुळशीचा काढा देतात. ऊन पातळ पदार्थ कोणताही चालेल. काढ्यांत मध घालावयाचा तर एक वर्षाच्या आंतील मुलास तो देऊं नये. निजतांना उशी थोडी उंच घ्यावी. सुंठ उगाळून कपाळावर लेप देतात, त्यानें ऊब येते. पण कातडी फार चुरचुरली तर तो लगेच धुऊन टाकावा. दुकानांतील नाक मोकळें करणारे थेंब तीन ते पांच दिवसांहून अधिक वापरल्यास नाक उलट अधिक चोंदतें. आणि शेंबूड पिवळा झाला एवढ्यावरून जंतुनाशक औषधें मागूं नयेत. बहुतेक सर्दी विषाणूंमुळें होते, तिजवर त्यांचा उपयोग होत नाहीं.

घरगुती उपायांची सीमा ओळखणें हाही त्या उपायांचाच एक भाग आहे. दहा दिवसांत उतार पडला नाहीं, किंवा बरें वाटूं लागून ताप व ठणका पुन्हा वाढला, तर डॉक्टरांकडे जावें. डोळ्याभोंवतीं सूज, एकाचे दोन दिसणें, मान ताठणें, असह्य डोकेदुखी किंवा गुंगी, यांपैकीं कांहींही आढळल्यास त्याच घटकेस जावें. मधुमेह असलेल्या वडील माणसांनीं चेहऱ्याचें दुखणें अंगावर काढूं नये. 2021 सालीं काळ्या बुरशीच्या रोगानें आपल्या देशांत केवढा घात केला, हें सर्वांस ठाऊक आहे. आणि लहान मुलाच्या एकाच नाकपुडींतून दुर्गंधी स्राव येत असेल, तर आंत चिंचोका, मणी किंवा वाटाणा अडकला नाहीं ना, हें डॉक्टरांकडून पाहून घ्यावें.

आरंभीं सांगितलेल्या मुलास त्याच्या आईनें दुसऱ्याच दिवशीं डॉक्टरांकडे नेलें. पंधरा दिवस होऊन गेले होते, तेव्हां काढ्यावर विसंबण्याची ती वेळ नव्हती. औषध झालें, नाक धुणेंही चालू राहिलें, आणि महिन्याभरांत त्याचीं उत्तरें ठिकाणावर आलीं. आमच्या हातून झालेली चूक मात्र आम्हांस विसरतां येत नाहीं. पालकांस व आमच्या शिक्षकबंधूंस एवढीच विनंती कीं, एखादें मूल कपाळ धरून बसलेलें दिसलें, तर रागें भरण्यापूर्वीं त्यास एक प्रश्न अवश्य विचारावा: "बाळ, नाक मोकळें आहे ना?"