दोष आणि उत्तरदायित्व

कुटुंबात अपघाती मृत्यू घडला की शोकाच्या पाठोपाठ एक प्रश्न घरात शिरतो : चूक कोणाची? त्याचे उत्तर मिळाले म्हणजे उत्तरदायित्वाचा निर्णय झाला, असे सामान्यतः मानले जाते. वस्तुतः दोष देणे आणि उत्तरदायी होणे या दोन भिन्न वृत्ती होत. हेन्रिक इब्सेनच्या ‘छोटा एयॉल्फ’ (१८९४) या त्रिअंकी नाटकाचा गाभा हा भेदच आहे.

नाटकाचा नायक ऑल्मर्स हा ‘मानवी उत्तरदायित्व’ या विषयावर ग्रंथ लिहीत असतो. तो बाजूला ठेवून, यापुढे पंगू मुलासाठीच जगावयाचे असा निश्चय करून तो घरी येतो. आणि दुसऱ्याच दिवशी उंदीर पकडणाऱ्या म्हातारीच्या मागे गेलेला नऊ वर्षांचा एयॉल्फ खाडीत बुडतो. पाण्यावर तरंगते ती केवळ त्याची कुबडी. दुसऱ्या अंकात पतिपत्नी एकमेकांवर तुटून पडतात. मूल तान्हे असताना टेबलावर निजवलेले होते, आणि मातापिता प्रणयात मग्न असताना ते पडून पंगू झाले. लक्ष ठेवण्याचे वचन पतीने दिले होते, हे रीटाचे म्हणणे खरे; तिनेच आपणास मोहात पाडले, हे ऑल्मर्सचे म्हणणेही खरे. परंतु येथे प्रत्येक जण सत्य उच्चारतो तो स्वतःचा भार दुसऱ्यावर लोटण्यासाठी. आपण ज्याला शोक म्हणतो तो सदसद्विवेकाचा डंख आहे, ही जाणीवही त्यांना याच कलहातून होते.

या कलहाशेजारी वाल्मीकीच्या अयोध्याकांडातील प्रसंग ठेवून पाहावा. घडा भरण्याच्या आवाजाला हत्तीचा आवाज समजून दशरथाने सोडलेला बाण शरयूतीरी तपस्विकुमाराला लागतो. मराठी लोकस्मृती त्याला श्रावणबाळ म्हणते. वाल्मीकीने मात्र त्याला नाव दिलेले नाही. मरणोन्मुख कुमार राजाला सांगतो, की तू स्वतः जाऊन माझ्या पित्याला हे कळव. दशरथ जातो, अंध मातापित्यांसमोर आपले कृत्य कबूल करतो आणि त्यांना पुत्राच्या देहापाशी नेतो. अजाणता घडलेल्या कृत्याचेही फळ त्याला भोगावे लागते, पुत्रशोकाचा शाप टळत नाही. परंतु त्या कबुलीमुळेच तत्काळ विनाशातून तो वाचतो. ज्याने दुःख दिले त्यानेच ते सांगावयास जावे, हा येथील धर्म.

इब्सेनच्या पात्रांजवळ शाप देणारा ऋषी नाही. म्हणून त्यांचा मार्ग अधिक अवघड आहे. किनाऱ्यावरील गरीब मुलांना पोहता येत असूनही एयॉल्फला कोणी वाचविले नाही, म्हणून त्यांच्या झोपड्या पाडून टाकाव्यात, असे ऑल्मर्सला वाटते. परंतु त्या लोकांसाठी आपण आजवर काय केले, या प्रश्नाशी दोघेही थबकतात. रीटा त्या मुलांना घरात आणून एयॉल्फच्या खोल्या, त्याची पुस्तके आणि खेळणी त्यांच्या स्वाधीन करण्याचे ठरविते. हे परिवर्तन आकस्मिक वाटते, असा आक्षेप घेता येईल. तथापि रीटा स्वतःला साध्वी म्हणवीत नाही. मृत मुलाच्या उघड्या डोळ्यांशी समेट करावयाचा आहे, एवढेच ती सांगते.

दोषाची दृष्टी गतकाळावर खिळलेली असते; आणि गतकाळ कोणालाच परत देता येत नाही. उत्तरदायित्व मात्र जे उरले आहेत त्यांच्याकडे वळते. ऑल्मर्सचा ग्रंथ अपुराच राहतो. त्याचा विषय मात्र मुलाच्या रिकाम्या खोल्यांची दारे उघडण्याच्या त्या निश्चयात प्रथमच अर्थपूर्ण होतो.