वळणावरचा माणूस

गावात धावण्याची शर्यत घ्यायची ठरली की पहिली बैठक बक्षिसांवर खर्ची पडते. पहिलं किती, दुसरं किती, ट्रॉफी कोणाच्या हस्ते, बॅनरवर फोटो कोणाकोणाचे. दुसऱ्या बैठकीत टी-शर्टचा रंग ठरतो. वळणावर कोण उभं राहणार हा विषय निघालाच तर आदल्या रात्री निघतो आणि ‘पोरं आहेत ना आपली’ यावर मिटतो. शर्यत फसते ती बहुतेक वेळा इथेच.

वर्धा जिल्ह्यातलं पुलगाव डोळ्यांपुढे ठेवून बोलू. धावणाऱ्यांना इथे तोटा नाही. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, त्यामुळे विदर्भातल्या कोणत्याही गावात उजाडायच्या आत रस्त्यावर ‘सोळाशे मारणारी’ पोरं दिसतात. पुलगावात तर केंद्रीय दारूगोळा भांडार असल्याने फौजेची ओढ घराघरात. एका अंगाला वर्धा नदी, मधून मुंबई-हावडा रेल्वेमार्ग, खेटून नाचणगाव. रूळ ओलांडावे लागणार नाहीत असा पाच किलोमीटरचा फेरा आखायचा म्हटला तर नकाशावर अर्ध्या तासाचं काम. उरतात ती माणसं. धावणारी नव्हेत, उभी राहणारी.

उभं राहण्याला एवढं महत्त्व का, हे २०१३ साली इंग्लंडमधल्या संडरलंड शहराने पाहिलं. तिथल्या मॅरेथॉनमध्ये बरेच लोक धावत होते. पहिल्या क्रमांकावरचा मार्क हूड बराच पुढे होता, तो ठरलेल्या रस्त्याने गेला. त्याच्या मागचे दोघे एका ठिकाणी चुकीकडे वळले, कारण तिथे जो स्वयंसेवक असायला हवा होता तो जागेवर नव्हता. त्या दोघांच्या मागे बाकीचा सगळा लोंढा गेला. सगळ्यांचं अंतर २६४ मीटरने कमी भरलं. पूर्ण मॅरेथॉन धावलेला माणूस त्या दिवशी एकच, तो विजेता. दोन वर्षांनी बँकॉकमध्ये उलटं झालं. परत फिरण्याची जागा चुकली आणि एकवीस किलोमीटरच्या हाफ मॅरेथॉनला उतरलेले लोक सत्तावीस किलोमीटरहून जास्त धावले. दोन्हीकडे पैसा होता, प्रायोजक होते, अनुभवी आयोजक होते. एका जागचा एक माणूस चुकला की पुढचं सगळं चुकतं, कारण धावणारा रस्ता बघत नाही. तो पुढच्याची पाठ बघतो.

म्हणून वळणावरच्या माणसाने वळणाच्या थोडं अलीकडे, लांबून दिसेल असं उभं राहायचं. तोंड येणाऱ्यांकडे, एक हात पूर्ण ताणून वळायच्या दिशेला आणि शब्द एकच: ‘उजवीकडे’. ‘इकडून इकडून’ म्हणून काही उपयोग नाही. धापा टाकणाऱ्याला ‘इकडून’ म्हणजे कुठून हे कळत नाही. मोबाइल खिशात. ओळखीचा कोणी दिसला म्हणून त्याच्यासोबत चार पावलं पळायचा मोह होतो, तोही खिशातच. आणि अंतर सांगायचं नाही. ‘किती राह्यलं भाऊ?’ असं कोणी विचारलं की आपल्या तोंडून हमखास निघतं, ‘हे काय, झालंच!’ प्रेमाने मारलेली ही थाप धावणाऱ्याला फार महागात पडते. तो उरलासुरला दम तिथेच काढतो आणि सामोर अजून दीड किलोमीटर निघतो. नक्की ठाऊक असेल तर आकडा सांगा, नाहीतर टाळ्या वाजवा.

रस्त्यावरची वाहतूक हा या माणसाचा दुसरा ताप. शर्यत थंडीत घ्यायची, कारण आपल्याकडे उन्हाळ्यात तसलं काही करणं म्हणजे संकट ओढवून घेणं. पण नोव्हेंबर ते जानेवारी म्हणजे कापसाचा हंगाम. जिनिंगकडे निघालेल्या, बाजूंनी फुगलेल्या ट्रॉल्या पहाटेपासून रस्त्यावर असतात आणि ट्रॉलीवाल्याला शर्यतीचं सोयरसुतक असण्याचं कारण नाही. पोलिसांची परवानगी, एखादी बंद लेन, रुग्णवाहिका हे सगळं हवंच. तरी प्रत्यक्ष चौकात काम होतं ते बोलण्यानेच. शिट्टी फुंकून, काठी आडवी घालून गाडी थांबते, पण माणूस चिडतो. हे विदर्भाला नव्याने शिकवायला नको. शेगावला गजानन महाराजांच्या मंदिरात सेवाधारी हजारोंची रांग वळवतात ती ‘माऊली, इकडून या’ म्हणत, आवाज न चढवता. ट्रॉलीवाल्यालाही ‘माऊली, दोनच मिनिटं’ म्हटलेलं कळतं.

माणसं आणायची कुठून? पहिलं उत्तर कॉलेजची राष्ट्रीय सेवा योजना. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ती सुरू झाली आणि तिच्या स्वयंसेवकाला वर्षाला १२० तासांचं काम करायचंच असतं. त्यातले पाच तास चौकात गेले तर कोणाचं बिघडत नाही. पण मला विचाराल तर अवघड वळणावर मी विद्यार्थी ठेवणार नाही, रेल्वेतून निवृत्त झालेला पॉइंट्समन शोधेन. गाडी येईपर्यंत जागा सोडायची नाही आणि गेल्यावरही शेवटचा डबा बघितल्याशिवाय वळायचं नाही, ही सवय ज्याच्या अंगात आयुष्यभर मुरली आहे त्याला वेगळं प्रशिक्षण कसलं? रेल्वेच्या गावात अशी माणसं शोधायला लांब जावं लागू नये.

खरी गंमत मात्र शेवटच्या रेषेवर आहे. मोठ्या स्पर्धांत छातीवरच्या नंबरामागे चिप असते, रेषेवर अंथरलेली पट्टी ती वाचते आणि वेळ आपोआप नोंदली जाते. गावाला हे परवडत नाही. परवडायची गरजही नाही. २ ऑक्टोबर २००४ रोजी, म्हणजे आपल्या गांधी जयंतीलाच, लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्युइट नावाच्या गृहस्थाने मित्रांसाठी पाच किलोमीटरची फुकट शर्यत ठेवली. दुखापतीमुळे त्याला स्वतःला धावता येत नव्हतं, मित्रांची संगत तर सुटायला नको होती, म्हणून तो घड्याळ घेऊन उभा राहिला. धावायला तेरा जण आले. त्यातूनच पुढे ‘पार्करन’ ही दर शनिवारी अनेक देशांत होणारी, जवळजवळ सगळी स्वयंसेवकांच्या जिवावर चालणारी शर्यत उभी राहिली. तिची सुरुवातीची यंत्रणा बघण्यासारखी आहे: हार्डवेअरच्या दुकानातून आणलेले लोखंडी वायसर!

ती चालते अशी. रेषेवर एक जण घड्याळ धरतो. माणूस रेषा ओलांडतो तसं तो फक्त बटण दाबतो, कोण आला हे बघतच नाही. त्याच्याकडे नुसती वेळांची यादी तयार होते: पहिल्याची, दुसऱ्याची, तिसऱ्याची. रेषेच्या पुढे दोन दोऱ्यांमधली अरुंद गल्ली असते. आलेल्यांनी त्याच क्रमाने त्या गल्लीतून चालत जायचं. गल्लीच्या टोकाला दुसरा स्वयंसेवक क्रमांक टाकलेले वायसर एकेकाच्या हातावर ठेवतो. तो वायसर घेऊन माणूस तिसऱ्याकडे जातो, तिथे क्रमांकासमोर नाव लिहिलं जातं. वेळ एकीकडे, नाव दुसरीकडे, दोन्हींना जोडणारा दुवा म्हणजे तो क्रमांक. संध्याकाळी दोन याद्या शेजारी ठेवल्या की निकाल तयार.

सगळं नाजूक आहे ते या दुव्यापाशी. गल्लीत एकाने दुसऱ्याला मागे टाकलं, कोणी दोरीखालून सटकून पाण्याकडे गेला, किंवा कौतुकाने सोबत पळत आलेल्या भावाला चुकून वायसर मिळाला, की तिथून खाली प्रत्येकाच्या नावापुढे दुसऱ्याची वेळ लागते. चाळिसाव्या नंबरला झालेली चूक दोनशेव्यापर्यंत उतरत जाते आणि रात्री व्हॉट्सॲपवर भांडणं सुरू होतात. म्हणून घड्याळवाले दोन असावेत, दर पंचवीस-तीस जणांमागे घड्याळवाल्याने आणि वायसरवाल्याने एकमेकांना आकडा ओरडून सांगावा, आणि गल्लीत एक कडक माणूस असावा. या जागेवर मवाळ माणूस चालत नाही. गावातल्या एखाद्या जुन्या गणिताच्या बाई मिळाल्या तर सोन्याहून पिवळं.

त्या गल्लीला आणखी एक काम आहे. जोरात पळताना पिंडऱ्यांचे स्नायू दर पावलाला रक्त वर ढकलत असतात. माणूस रेषेवर येऊन एकदम थांबला की ते ढकलणं थांबतं, रक्त पायांत साचतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि तो कोसळतो. म्हणून ‘थांबू नका, चालत राहा’ हे तिथल्या स्वयंसेवकाचं पालुपद. अशा वेळी कोसळलेल्याला आडवं करून पाय उंच केले की बहुधा तो काही मिनिटांत सावरतो. पण जो रेषेच्या आधीच भेलकांडतोय, असंबद्ध बोलतोय, ज्याचं अंग भट्टीसारखं तापलंय, त्याचं प्रकरण वेगळं. तो उष्माघात. तिथे डॉक्टरांना हाक मारायची आणि लगेच बर्फाचं पाणी, ओले पंचे, मिळेल त्याने अंग गार करायला लागायचं. आधी गार करा, मग दवाखान्यात हलवा, असं या विषयातले डॉक्टर सांगतात.

हृदय बंद पडण्याची धास्ती सगळ्यांनाच असते. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि हाफ मॅरेथॉनच्या सुमारे एक कोटी नऊ लाख धावपटूंची पाहणी झाली, त्यात अशा ५९ घटना सापडल्या. म्हणजे धोका फार थोडा. पण त्यातून जे वाचले त्यांच्या बाबतीत जवळच्या माणसाने ताबडतोब छाती दाबायला घेतली होती, ही गोष्ट ठळकपणे पुढे आली. वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम आणि सावंगी अशी दोन वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. एका रविवारी तिथून कोणाला बोलावून वीस स्वयंसेवकांना छाती दाबायला शिकवलं तर त्याचा उपयोग शर्यतीपुरता राहणार नाही.

पाण्याबद्दल थोडक्यात. पाच किलोमीटरला वाटेत एक टेबल पुरे. लांब शर्यतीत दर पाच किलोमीटरला लागतं. ग्लास अर्धाच भरायचा, तळहातावर किंवा वरच्या कडेला दोन बोटांनी धरायचा, म्हणजे पळणाऱ्याच्या हातात तो अलगद जातो. सगळे जण पहिल्याच टेबलावर तुटून पडतात, म्हणून ‘पुढे अजून आहे’ असं ओरडणारा एक हवा. प्लास्टिकचे ग्लास महाराष्ट्रात २०१८ पासून बंद आहेत, तेव्हा कागदी आणा, किंवा स्टीलचे आणा आणि विसळायची तयारी ठेवा. आग्रह मात्र नको. आपल्याकडे पाण्याचाही आग्रह होतो. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं, तर १३ टक्क्यांच्या शरीरातलं सोडियम घसरलेलं निघालं, आणि त्याचं मोठं कारण होतं वाटेत गरजेपेक्षा जास्त पिणं. तहान लागेल तेवढंच पाणी, हा साधा नियम पाच किलोमीटरलाही लागू.

मुंबई मॅरेथॉन २००४ पासून आणि साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन २०१२ पासून चालू आहे. त्यांचे फोटो छापून येतात ते धावणाऱ्यांचे. त्याबद्दल तक्रार नाही, उभ्या माणसाच्या फोटोत बघण्यासारखं असतं तरी काय?

सगळ्यात मागून एक स्वयंसेवक चालत येतो. त्याच्यामागे शर्यतीतलं कोणी नाही, हे सांगणं एवढंच त्याचं काम. तो गेल्याशिवाय वळणावरच्या माणसाने जागा सोडायची नाही. तो रेषेवर पोचला की मांडवात तर्री पोह्यांची पातेली उघडलेली असतात, माईकवर सत्कार सुरू झालेले असतात, आणि एका टेबलावर दोघं-तिघं आकडे जुळवत बसलेले असतात: सुटले किती, आले किती, वाटेत सोडून गाडीत बसले किती. हिशेब शून्यावर आला नाही तर कोणी घरी जायचं नाही, कारण कमी भरलेला एक जण कुठल्या तरी बांधावर पडलेला असू शकतो. मग नंबरावरून नाव, नावावरून फॉर्म, फॉर्मवरून घरचा फोन. अशा वेळी पलीकडून आईचा आवाज आला तर सगळ्यांचाच जीव भांड्यात पडतो: ‘तो? तो तं कवाचा आला. आंघोळीले गेला.’