ओसरीवरचं वाय-फाय

मार्च 2020 च्या शेवटच्या आठवड्यात माझा फोन दिवसभर वाजत होता; वाय-फाय बसवून देणं हे माझं काम. करोनामुळे 22 मार्चपासून अमिरातीतल्या शाळा घरून सुरू झाल्या होत्या. दुबईतल्या करामापासून शारजातल्या अल नहदापर्यंत फ्लॅटाफ्लॅटातून एकच विनवणी यायची, "दादा, मुलांचा वर्ग लागत नाहीये." कुणाच्या घरात जाणं शक्य नव्हतं, त्यामुळे मी फोनवरूनच सांगायचो. त्या घाईत एक प्रश्न हमखास यायचा, "राउटरच्या मागचं ते बटण दाबून जोडू का? पासवर्ड टाकत बसायला नको." मी प्रत्येकाला थांबवायचो.

त्या बटणाचं नाव डब्ल्यूपीएस. 2007 साली वाय-फाय अलायन्सनं ही सोय आणली, आणि हेतू भलाच होता. लांबलचक पासवर्डला कंटाळून लोक नेटवर्क उघडंच ठेवत होते. आता बटण दाबायचं आणि दोन मिनिटांच्या आत दुसरं उपकरण जोडून घ्यायचं, इतकं ते सोपं झालं.

पण बटणासाठी ही सोय चालू ठेवली की आत शिरायची दुसरी वाटही बहुधा उघडी राहायची. राउटरच्या बुडाशी चिकटवलेली आठ आकडी पिन! शेवटचा आकडा आधीच्या सातांवरून काढलेला असतो, म्हणजे ओळखायचे आकडे सातच. तरी एक कोटी शक्यता उरतात, आणि तेवढ्या तपासत कोण बसणार? मेख पुढे होती. राउटर ही पिन दोन तुकड्यांत तपासायचा. पहिले चार आकडे चुकले, तर तिथंच तसं कळवून टाकायचा. म्हणजे पहिल्या तुकड्यासाठी फार तर दहा हजार प्रयत्न आणि दुसऱ्यासाठी एक हजार. कोटीचे झाले 11,000. ऑस्ट्रियाच्या स्टेफान फीबॉक या अभ्यासकानं डिसेंबर 2011 मध्ये हे जगासमोर मांडलं. एका प्रयत्नाला दोन-तीन सेकंद धरले, तरी शेजारच्या फ्लॅटमधला माणूस एका रात्रीत पिनपर्यंत पोचतो. पिन जुळली की राउटर खरा पासवर्ड आपणहून त्याच्या हाती ठेवतो, मग तो पासवर्ड कितीही अवघड असो. पुढच्या राउटरांत चुकीच्या प्रयत्नांवर अटकाव आला. पण जुने राउटर कितीतरी घरांत तसेच चालू राहिले, आणि काहींत तर सेटिंगमध्ये बंद केलं तरी पिन आतून जागीच राहायची. म्हणून बंद केल्यावर मी पुन्हा तपासून बघतो.

या पिनच्या गोष्टीतून मी एक धडा घेतला. सोय म्हटली की तिचं ओझं कुणाला तरी उचलावं लागतं. ते बसवणाऱ्यानं उचलावं, मालकाच्या डोक्यावर त्याच्या नकळत ठेवू नये.

दुबईतल्या एका टायपिंग सेंटरमध्ये मला याचा अर्थ अधिक कळला. व्हिसाचे, एमिरेट्स आयडीचे म्हणजे तिथल्या ओळखपत्राचे अर्ज भरून देणारं हे छोटंसं दुकान. मालक कोकणातले, वयानं मोठे. थांबलेल्या ग्राहकांची सोय म्हणून त्यांनी वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर लावला होता. मी बाकावर बसलो, तोच पासवर्ड घातला आणि काही वेळानं फोन त्यांच्यापुढे धरला. पडद्यावर ग्राहकांच्या पासपोर्टच्या स्कॅन फाइल्सची यादी होती. काउंटरवरच्या कॉम्प्युटरचं फोल्डर त्याच नेटवर्कवर सगळ्यांना खुलं होतं. काका खुर्चीत बसले. म्हणाले, "अरे, लोक विश्वासानं कागद देतात."

मी त्यांना विचारलं, "काका, गावच्या घरी आलेला माणूस कुठं बसतो?" "ओसरीवर." "आणि माजघरात?" "घरचीच माणसं." त्यांच्या राउटरमध्ये गेस्ट नेटवर्कची सोय होतीच, कुणी चालू केली नव्हती. ग्राहकांना ओसरी दिली, कॉम्प्युटर माजघरात नेले. राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस बंद केलं, वाय-फायची जुनी सुरक्षा पद्धत काढून डब्ल्यूपीए2 ही अधिक भक्कम पद्धत लावली. भिंतीवर आता फक्त ओसरीचा क्यूआर कोड आहे.

क्यूआरमध्येही एक बारकावा आहे. फोन आपल्याला जो नेहमीचा क्यूआर दाखवतो, त्यात पासवर्ड जसाच्या तसा असतो. त्याचा फोटो काढला की पासवर्डच नेला. म्हणून माजघराचा क्यूआर भिंतीवर लावायचा नाही. 2018 मध्ये आलेल्या वाय-फाय ईझी कनेक्टच्या क्यूआरमध्ये पासवर्ड नसतो, उपकरणाची सार्वजनिक किल्ली असते. दिसायला दोन्ही चौकोन सारखेच.

पार्टिशन घालून आठ-दहा जण राहतात त्या व्हिलांत मला जास्त काळजी वाटते. राउटर पॅसेजमध्ये, बटण आणि स्टिकर सर्वांच्या हाताशी. जोडणी मात्र एकाच्याच एमिरेट्स आयडीवर, म्हणजे काही घडलं की विचारणा आधी त्याच्याकडे. अशा ठिकाणी मी राउटर त्याच्या खोलीत हलवतो, आणि खोली सोडून कुणी गेलं की पासवर्ड बदलायचा, हे त्याच्याकडून माझ्यासमोर एकदा करून घेतो.

काही महिन्यांनी टायपिंग सेंटरमधून काकांचा फोन आला. दुकानात नवा प्रिंटर आला होता. बसवायला आलेला माणूस भिंतीवरचा कोड स्कॅन करायला निघाला, तेव्हा काउंटरवरच्या पोरानं त्याला अडवलं. "तो ओसरीचा आहे," तो म्हणाला, "या प्रिंटरवर पासपोर्टच्या प्रती छापायच्यात. प्रिंटर माजघरात."