कालीची जीभ, एडीची कवटी

संग्रामपूरच्या आठवडी बाजारात ताडपत्रीवर कपड्यांचे ढीग ओतलेले असतात. ‘कोनताबी घ्या, शंभरले एक’ असं ओरडणाऱ्यापाशी मी हमखास थांबतो. घ्यायला नाही, पाहायला. त्या ढिगात मेटालिकाचं नाव सापडतं, स्पेलिंगमधलं एखादं अक्षर खाल्लेलं. आयर्न मेडनचा सडक्या चामडीचा एडी सापडतो. कवट्या तर खंडीभर. आणि लाल ओठांतून लोंबणारी रोलिंग स्टोन्सची ती जीभ. कापूस वेचायला जाणारा, ट्रॅक्टरवर बसणारा, वांगी विकणारा पोरगा हे अंगात घालून फिरतो. त्यानं या परदेशी रॉक बँडांचं एक गाणंही ऐकलेलं नसतं. पूर्वी मला याचं हसू यायचं. मग या चित्रांचा माग काढत गेलो आणि त्यातली एक वाट आपल्याच भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी येऊन थांबली.

पण आधी पेंटरकाकांची गोष्ट सांगतो. नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. अकोल्याहून आणलेली आयर्न मेडनची ‘द नंबर ऑफ द बीस्ट’ ही कॅसेट माझ्याकडे होती. मूळ तबकडीचं कव्हर फूटभर रुंद. आमच्या वाट्याला आलं ते काडेपेटीच्या दुप्पट. त्यात वर एडी, त्याच्या बोटांच्या दोऱ्यांना बांधलेला सैतान, आणि त्या सैतानाच्या हातातल्या दोऱ्यांवर नाचणारा आणखी एक चिमुकला एडी. कळसूत्री बाहुल्यांचा खेळच. हे चित्र कॉलेजच्या कापडी पिशवीवर काढून घ्यायचं माझ्या डोक्यात आलं. बसस्टँडजवळ दुकानांच्या पाट्या आणि ट्रॉल्या रंगवणारे एक पेंटरकाका होते. शेगावच्या गजानन महाराजांची चिलीम ओढणारी बैठी मूर्ती ते डोळे मिटून काढत. कॅसेट डोळ्यांपाशी नेऊन ते म्हणाले, “अबे, हा तं वेताळ हाय! पिशवीवर काऊन काढतं याले? तुही माय पाहीन तं झोडपीन.”

तरी काढलं. आधी कव्हरवर पेन्सिलीनं बारीक चौकोन पाडले, तेवढ्याच संख्येनं मोठे चौकोन पिशवीवर, आणि एकेक घर भरत गेले. मात्र इवल्याशा छपाईत दात दिसेनात, डोळे कळेनात. तिथं त्यांनी आपल्या साठ्यातलं भरलं. दात कॅलेंडरातल्या नरसिंहाचे आले. डोळे मारुतीचे, चांदीच्या डोळ्यांसारखे वटारलेले. वीस रुपये घेतले. तेव्हा मला वाटलं, चित्र बिघडलं.

पुढे कळलं की मूळ चित्रकारानंही हेच केलं होतं. एडीचा जनक डेरेक रिग्ज. १९८० च्या पहिल्या आल्बमपासून हा एडी मेडनच्या कव्हरवर आहे. १९८२ च्या त्या बाहुल्यांच्या चित्राची कल्पना आपल्याला लहानपणी पाहिलेल्या ‘डॉक्टर स्ट्रेंज’ या कॉमिकवरून सुचली, असं रिग्जनंच सांगून टाकलं आहे. म्हणजे कॉमिकमधून कव्हरवर, कव्हरवरून कॅसेटवर, कॅसेटवरून माझ्या पिशवीवर. प्रत्येक मुक्कामाला कुणीतरी आपलं काहीतरी त्यात घातलं.

मेडन ज्या हेवी मेटल संगीतातला, त्याच्या कव्हरांवर असल्या उधारीची लाज कुणाला नाही. उलट जुन्या चित्रकारांना तर तिथं कुलदैवताचा मान. सोळाव्या शतकातला पीटर ब्रॉयगेल घ्या. त्याचं ‘मृत्यूचा विजय’ हे चित्र आज माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात आहे. हाडांच्या सापळ्यांची फौज राजापासून भिकाऱ्यापर्यंत सगळ्यांना झोडपत चालली आहे. ब्लॅक सॅबथच्या गाण्यांचा १९७७ मध्ये एक संग्रह निघाला, त्यावर हेच चित्र जसंच्या तसं. त्याच्या आधीचा हिएरोनिमस बॉश. त्याच्या ‘गार्डन ऑफ अर्थली डिलाइट्स’मधला नरक डीप पर्पलनं १९६९ मध्ये वापरला. छापखान्याच्या चुकीमुळे तो रंगीतऐवजी काळा-पांढरा उमटला आणि मंडळींनी तसाच ठेवला. त्याच नरकाचा दुसरा तुकडा सेल्टिक फ्रॉस्टनं १९८७ मध्ये ‘इंटू द पँडेमोनियम’वर लावला. कर्ता साडेचारशे-पाचशे वर्षांपूर्वी गेलेला, त्यामुळे मानधन मागायला कुणी येत नाही, ही सोय यात आहेच. छोट्या कंपनीचा हात आखडलेला असतो. पण नुसती सोय म्हणावं तर निवड इतकी अचूक कशी?

स्वीडनच्या बॅथरीनं १९८८ च्या ‘ब्लड फायर डेथ’वर नॉर्वेच्या पीटर निकोलाय आर्बो याचं १८७२ मधलं चित्र घेतलं. काळ्या ढगांतून घोड्यांवर बसून मृतांची आणि देवांची टोळी आकाशातून धावते आहे. उत्तर युरोपातली ही लोककथा. आमच्याकडे अमावास्येच्या रात्री मशाली घेऊन वेताळाची स्वारी निघते, वाटेत कुणी आडवं जायचं नसतं, तीच ही. घोडे त्यांचे, मशाली आपल्या. बुर्झुमच्या १९९४ आणि १९९६ च्या आल्बमांवर थेओडोर किटेलसेनची चित्रं आहेत. हा नॉर्वेचा चित्रकार तिथल्या परीकथांच्या पुस्तकांतून घराघरांत पोचलेला. बुर्झुमच्या वादकानं खून केला आणि तो तुरुंगात गेला. किटेलसेनचा त्यात काय दोष? तरी आता ते डोंगर, ती शिंग फुंकणारी आकृती पाहताना पुष्कळांना आधी तो वादक आठवतो. उधारीत चित्राच्या वाट्याला असंही काही येतं.

सगळीच साम्यं उधारीची नसतात. कधी हात एकच असतो. इंग्लंडच्या डॅन सीग्रेव्हनं मॉर्बिड एंजलचा ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’ (१९८९), एन्टूम्डचा ‘लेफ्ट हँड पाथ’ (१९९०) आणि डिसमेंबरचा पहिला आल्बम (१९९१) ही कव्हरं रंगवली. तीन वर्षांत एका कुंचल्यानं डेथ मेटल या हेवी मेटलच्याच एका प्रकाराचा चेहरा ठरवून टाकला, मग बाकीच्यांनी त्याची री ओढली. दिवाळी अंकाच्या वाचकाला हे समजावून सांगायला नको. चित्रकार दलालांनी १९४५ मध्ये ‘दीपावली’ सुरू केला, चित्रकार मुळगावकरांचे अंक आले, आणि नंतर कितीतरी वर्षं हातात निरांजन घेतलेली सुंदरी मुखपृष्ठावर असल्याशिवाय अंकाला अंक म्हणावंसं वाटेना. आपल्याकडे निरांजन, त्यांच्याकडे कवटी. अक्षरांचंही तेच. डेथ मेटल बँडांची नावं काटेरी मुळ्यांसारखी एकमेकांत गुंतलेली, बाहेरच्याला एक अक्षर लागत नाही. मोडीतलं खरेदीखत पहिल्यांदा पाहणाऱ्याची हीच गत होते. जाणकार मात्र झर्रकन वाचतो.

एक किस्सा भांडणाचा. ब्राझीलच्या सेपुल्टुराला मायकेल व्हेलनचं एक चित्र हवं होतं. कंपनीनं त्यांच्या १९८९ च्या ‘बिनीथ द रिमेन्स’वर व्हेलनचंच दुसरं चित्र टाकलं, आणि हवं असलेलं पुढच्या वर्षी ऑबिच्युअरीच्या ‘कॉज ऑफ डेथ’वर झळकलं. दोन्ही आल्बम एकाच कंपनीचे. सेपुल्टुराच्या मनातली अढी बरीच वर्षं गेली नाही. दोन्ही कव्हरं शेजारी ठेवून पाहिली तर मला अजूनही सेपुल्टुराचीच चांदी झाली असं वाटतं; ती लाल-केशरी कवटी विसरता येत नाही.

आता कॅलेंडर. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यानं गिरगावात छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञ जर्मन. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, एकाच कागदावर एकामागून एक रंग बसवायचा. किंचित सरकला की देवीचा ओठ गालावर. पुढे छापखाना घाटकोपरला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, मालकीही फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेली. दादासाहेब फाळकेही काही काळ या छापखान्याच्या कामात होते. इथून लक्ष्मी-सरस्वती झोपडीपर्यंत गेल्या. या चित्रांतली अंगावरची सावली, कापडाची घडी, मागचा देखावा हे सगळं युरोपच्या तैलरंगांतून उचललेलं. म्हणजे ज्या चित्राला आपण पिढीजात म्हणून हात जोडतो त्यातही उधारी आहेच. या वाटेनं नंतर शिवकाशीची कॅलेंडरं आली. आमच्या घरी बी-बियाण्यांच्या दुकानाचं होतं, वर काली, खाली कपाशीच्या वाणाचं नाव.

ही चित्रं जहाजातून लंडनच्या भारतीय किराणा दुकानांतही गेली. जिमी हेंड्रिक्सच्या ‘ॲक्सिस: बोल्ड ॲज लव्ह’ (डिसेंबर १९६७) या आल्बमचं कव्हर म्हणजे बाजारात मिळणारं विष्णूच्या विश्वरूपाचं पोस्टर, मधले चेहरे तेवढे हेंड्रिक्सचे आणि त्याच्या साथीदारांचे. तो हेवी मेटलचा बाप नव्हे, आजोबा म्हणा. त्याला स्वतःला हे कव्हर फारसं पटलं नव्हतं. त्याच्या रक्तात इंडियन होते ते अमेरिकेतले आदिवासी, आणि कव्हरवर आले भारतातले. दोन-तीन वर्षांनी मिक जॅगरनं कोपऱ्यावरच्या दुकानातून कालीचं एक चित्र आणून जॉन पाश या विद्यार्थ्याला दाखवलं. त्या जिभेवरून पाशनं रोलिंग स्टोन्सचं बोधचिन्ह काढलं. १९७१ च्या ‘स्टिकी फिंगर्स’बरोबर ते बाहेर पडलं. मोबदला पन्नास पौंड. मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयानं विकत घेतलं, ते अर्थात पन्नास पौंडांना नाही.

एरोस्मिथ या बँडचं मात्र फसलं. १९९७ च्या ‘नाइन लाइव्ह्ज’वर कालियामर्दनाचं चित्र होतं आणि कृष्णाच्या धडावर मांजरीचं डोकं. मूळ चित्र स्वामी प्रभुपादांच्या ग्रंथातलं निघालं. हिंदूंनी हरकत घेतली, कंपनीनं माफी मागितली, नवं कव्हर छापलं. मला विचाराल तर पाशनं कालीची जीभ घेतली आणि तिचं तिसरंच काही केलं; एरोस्मिथवाल्यांनी अख्खी पूजेतली तसबीर घेऊन तिच्यावर एक डोकं चिकटवलं. देवाचा अपमान हा मुद्दा बाजूला ठेवला तरी कामचुकारपणा उरतोच. आमच्या पेंटरकाकांनी निदान दात तरी आपले घातले होते.

आता उधारी उलट्या दिशेनंही चालते. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडननं आपल्या जगदौऱ्याची सुरुवात मुंबईतून केली तेव्हा काळ्या टी-शर्टांचा महापूर लोटला होता. मुंबईच्या डेमोनिक रिझरेक्शननं २०१७ मध्ये ‘दशावतार’ नावाचा आल्बम काढला. मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवताराचं एकेक गाणं, आणि गळ्यातून तोच नरसिंहाचा गुरगुराट. चेक देशातल्या कल्ट ऑफ फायर या बँडनं तर २०१३ च्या आल्बमला सरळ देवनागरीत नाव दिलं, ‘मृत्यु का तापसी अनुध्यान’. वाक्य हिंदी, थाट संस्कृतचा, कर्ते प्रागकडचे. असलं शीर्षक इथला एखादा बँड ठेवायला धजला नसता.

पेंटरकाकांचं दुकान आता फ्लेक्सचं झालं. त्यांचा नातू मोबाइलवर चित्र शोधतो, ताणून बॅनरच्या मापाचं करतो, वाढदिवसाच्या माणसाचा चेहरा चिकटवतो. चौकोन पाडायची गरज उरली नाही.

गेल्या बाजारात वांगीवाल्या पोराच्या अंगात ती जीभ होती. माझ्यानं राहवलं नाही. म्हटलं, ही कालीमातेची जीभ आहे, विलायतेत जाऊन आली. त्यानं मान खाली घालून स्वतःच्या छातीकडे नीट पाहिलं, मग जरा काळजीनं विचारलं, “मंग काका, हे घालून मटन खाल्लं तं चालते काय?”

“कालीले तं चालतेच,” मी म्हणालो.

“मंग झालं,” म्हणत त्यानं तराजूत आणखी दोन वांगी टाकली.